हिंगे पकडायची हातजाळी: सांगाडा ठेवा, पिशवी बदला

भाद्रपद लागला की वडोदऱ्यातल्या शेतीसामानाच्या दुकानांत फवारणी पंपांच्या शेजारी हिंगे, म्हणजे पिकाची फुलं खाणारे पट्टेवाले भुंगेरे, पकडायच्या हातजाळीचं एक लांबट पारदर्शक पाकीट टांगलेलं दिसतं. आत दोन तुकड्यांचा ॲल्युमिनियमचा दांडा, तारेचं कडं, त्यावर हिरवी नायलॉनची जाळी, पातळ हातमोज्यांची एक जोडी आणि आट्याच्या झाकणाची अर्ध्या लिटरची बरणी. कंपनीचं नाव कुठेच नाही. गुजरातीत छापलेली एक चिठ्ठी आणि एक चित्र: टोपीवाला माणूस उभ्या पिकात जाळी डावी-उजवीकडे जोरात फिरवतोय. किंमत चारशेच्या आत, घासाघीस केली तर आणखी थोडी कमी.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच. पादरा, करजण, डभोईकडे एक-दोन वीघ्यांची तूर असेल, भेंडीचे चार वाफे किंवा कारल्याचा मांडव असेल, तर ही जाळी घ्या. दहा वीघे तूर असेल तर तिथेच टांगलेली राहू द्या. आणि घेतलीत तर चित्रात दाखवलंय तशी मुळीच वापरू नका.

आता सविस्तर. तुरीवर, चवळीवर, भेंडीवर दिसणारा हा हिंगा म्हणजे बहुतेक वेळा मायलॅब्रिस पुस्टुलाटा. दोन ते अडीच सेंटीमीटर लांब, काळा, पाठीवर नारिंगी-लाल आडवे पट्टे. डोकं खाली झुकलेलं, मान बारीक, पाय लांब, पंखांची वरची झाकणं इतर भुंगेऱ्यांपेक्षा मऊ. ही खूण नीट लक्षात ठेवायला हवी, कारण जाळीत इतरही मंडळी येतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला छोटा गोल ढालकिडा मावा खाणारा, आपला मित्र. त्याला उडवून द्यायचं. वेलभाज्यांवरचा तांबडा भुंगेरा हिंग्याच्या निम्म्याहूनही लहान, अंगावर पट्टे नाहीत, आणि तो फुलापेक्षा पानं चाळणीसारखी करतो. त्याचा बंदोबस्त वेगळा.

हिंगा पान खात नाही म्हटलं तरी चालेल. त्याला फूल लागतं: पाकळ्या, परागकोश, कोवळी कळी. म्हणून पीक फुलावर येईपर्यंत तो दिसत नाही आणि फुलोरा आला की कुठून आला कळायच्या आत पन्नास-शंभर शेंड्यांवर बसलेले असतात. झाडावर त्याची अळी शोधू नका, मिळणार नाही. मादी अंडी जमिनीत घालते. त्यातून निघालेली बारीक, चपळ अळी नाकतोड्यांच्या अंड्यांचे पुंजके शोधून त्यांवर वाढते. म्हणजे जमिनीखाली हा प्राणी आपल्या कामाचा आणि जमिनीवर आल्यावर नुकसानीचा. साधारण वर्षाला एकच पिढी. त्यामुळे तुरीच्या बुडाशी भुकटी धुरळणं, आळ्यात औषध ओतणं हे निव्वळ पैसे पाण्यात घालणं. जे काही करायचं ते प्रौढ किड्यापाशी आणि फुलापाशी.

जाळीचं काम इथेच सुरू होतं. हिंगा जड आणि सुस्त उडतो, उघड्यावर शेंड्याला बसतो, लांबून दिसतो. पानाखाली दडणारा किंवा शेंगेत शिरणारा किडा जाळीनं पकडता येत नाही, हा येतो. हातानं पकडायच्या किड्यांत याच्याइतका सोपा दुसरा क्वचितच असेल. अडचण फक्त एक, आणि ती मोठी: त्याला हात लावायचा नाही. चिमटला, दाबला की पायांच्या सांध्यांतून पिवळट तेलकट द्रव सोडतो. त्यातलं कँथारिडिन कातडीवर फोड आणतं. म्हणून दांडा, पिशवी, बादली हा सगळा खटाटोप. किडा आणि कातडी यांच्यात अंतर ठेवणं एवढंच या संचाचं काम, आणि त्याच मोजपट्टीवर त्याचा एकेक भाग तपासला पाहिजे.

दांडा चांगला आहे. प्रत्येकी साठ सेंटीमीटरचे दोन तुकडे, बटण दाबून एकात एक बसणारे, वजनाला हलके, घामानं न गंजणारे. जोडाशी थोडा खेळ आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा जोडावर चढवला की खडखड थांबते. कडं तीस सेंटीमीटर व्यासाचं, चार मिलिमीटर तारेचं, जस्ताचा मुलामा दिलेलं. दुकानात बोटांनी दाबून बघा: ज्याचं कडं सहज अंडाकृती होतं ते घेऊ नका, काही पाकिटांत तार पातळ येते. खरा दोष कडं आणि दांडा यांच्या जोडात आहे. तारेची दोन्ही टोकं काटकोनात वाकवून दांड्याच्या खाचेत घातलीत आणि वरून प्लास्टिकची टोपी ठोकलीय. पिशवीत थोडं वजन आलं की कडं दांड्याभोवती फिरतं आणि पिशवी तोंड खाली करते. गोळा केलेले हिंगे पायावर. यावर उपाय हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो: पाण्याच्या रबरी नळीला लावतात ती स्क्रूची पत्र्याची क्लिप. अशा दोन क्लिपा एकमेकींपासून तीन बोटांवर घट्ट आवळल्या की कडं जागचं हलत नाही. क्लिपचं शेपूट बाहेर राहिलं तर कापून त्यावर टेप गुंडाळा, नाहीतर तेच हातमोजा फाडतं.

पिशवी मात्र सपशेल चुकलेली आहे. मच्छरदाणीच्या जातीची हिरवी नायलॉन जाळी फुलपाखरांसाठी ठीक. तुरीच्या लाकडट काड्यांत ती पहिल्याच फेरीत अडकते आणि धागा निघाला की भोक वाढत जातं. हिंग्याच्या पायांना टोकाला नख्या असतात, त्या जाळीच्या भोकांत रुततात. पिशवी उलटी करून झटकली तरी निम्मे आतच लोंबकळत राहतात आणि मग माणूस वैतागून बोटानं ढकलायला जातो. तिसरी गोष्ट सर्वांत वाईट: किड्यानं सोडलेला द्रव जाळीतून आरपार बाहेर येतो, आणि चालताना पिशवी मांडीला घासत असते. फोड हातावर न येता मांडीवर कसे आले, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांचं उत्तर या हिरव्या जाळीत आहे. भरीला ती खाली टोकदार शिवलीय, म्हणजे सगळे हिंगे टोकाशी गच्च होतात, एकमेकांना चिरडतात आणि आणखी द्रव सोडतात.

ती काढून टाका आणि मांजरपाटाची शिवून घ्या. मापं अशी. कड्याचा घेर तीस गुणिले ३.१४, म्हणजे ९४ सेंटीमीटर. दोन्ही बाजूंच्या शिवणीला दोन-दोन धरून ९८. खोली साठ, म्हणजे कड्याच्या व्यासाच्या दुप्पट. ही दुप्पट खोली महत्त्वाची: दांड्याला मनगटानं अर्धी पिळी दिली की पिशवी कड्यावरून आडवी पडते आणि तोंड आपोआप बंद होतं. खोली कमी असेल तर घडी पडत नाही, किडे चालत वर येतात. तळ टोकदार ठेवू नका, ताटलीच्या कडेसारखा गोल कापायला सांगा. कड्याभोवती पाच सेंटीमीटरची पट्टी जाड डक कापडाची लावा, कारण फाटायचं पहिलं ठिकाण तेच, तार आणि काडी यांच्या मध्ये कापड सापडतं. मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून सव्वा मीटर घ्या, आधी भिजवून वाळवा आणि मग कापा. वडोदऱ्यात मांडवीच्या आसपास कापडाची दुकानं आणि शिंपी दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. रंग पांढराच. पांढऱ्यावर हिंगे मोजता येतात, ढालकिडा चटकन ओळखू येतो, आणि पिवळे डाग पडले की पिशवी कुठे धरायची नाही हेही दिसतं.

संचातले हातमोजे शेतात नेण्याच्या लायकीचे नाहीत. दवाखान्यात वापरतात तसले पातळ, तुरीची एक काडी लागली की बोट उघडं. भांडी-फरशीसाठी मिळणारे कोपरापर्यंतचे जाड रबरी मोजे घ्या. बरणीचं तोंड चार बोटांचं, तिच्यात पिशवी रिकामी करणं म्हणजे सुईत दोर ओवणं. बरणी घरी मीठ-मसाल्यालाही वापरू नका, एकदा हिंगे घातले की ती कायमची हिंग्यांचीच. बाकी कामाला झाकणाची दहा लिटरची बादली हवी, ती संचात नाही.

आता वापर. चित्रातला माणूस जाळी फिरवतो तशी फिरवणं सोयाबीन, मूग अशा बुटक्या, लवचीक पिकात किडे मोजण्यासाठी ठीक. तुरीत तसं केलं तर हिंग्यांपेक्षा फुलंच जास्त गोळा होतात. तूर दीड-दोन मीटर उंच, शेंडे ताठ, फुलं देठावर नाजूक. तिथे जाळी मारायची नाही, खाली धरायची. दांड्याचा एकच तुकडा लावा. डाव्या हातात जाळी, शेंड्याच्या खाली, तोंड वर. उजव्या हातात फूटभर काठी, टोकाला चिंधी गुंडाळलेली. फुलांच्या गुच्छावर नाही, त्याच्या वीतभर खाली खोडावर दोन टिचक्या. सकाळच्या गारव्यात हिंगा उडत नाही, पाय सोडून सरळ खाली पडतो. जाळी थोडी आपल्याकडे कललेली धरा, कारण झाड टिचकीनं पलीकडे झुकतं आणि परत आपल्या बाजूला येताना किडे सोडतं.

आठ-दहा झाडं झाली की रिकामी करा. पिशवी भरेपर्यंत थांबण्याचा मोह टाळा, दाटी झाली की चिरडणं आलंच. पिशवीचा तळ बाहेरून धरून बादलीत आतून-बाहेर उलटा करा आणि पाण्यात बुडवून काढा. बादलीवर आपटायची नाही. बादलीत चार-पाच लिटर पाणी आणि चमचाभर धुण्याची पावडर. साध्या पाण्यावर हिंगे तरंगतात आणि कडेनं वर चढतात. साबणानं पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि ते बुडतात. पूर्वी याच कामाला रॉकेल घालत. साबण तेच काम करतो आणि बांधावर सांडला तर गवत जळत नाही. पाणी अर्ध्याच्या वर नको, शेतातून बादली हिंदकळत नेताना तेच पाणी पायावर येतं.

वेळेचं गणित आधी मांडा, मग जाळी विकत घ्या. आपल्याकडचा वीघा साडेतेवीस गुंठ्यांचा, सुमारे २३७८ चौरस मीटर. तुरीच्या ओळी नव्वद सेंटीमीटरवर असतील तर एका वीघ्यात ओळींची लांबी सुमारे २६४० मीटर भरते. थांबत, टिचक्या मारत, रिकामी करत मिनिटाला वीस मीटर पुढे सरकलं तरी एका माणसाला सव्वादोन तास लागतात. सप्टेंबरअखेर इथे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. अगदी दव असताना शिरू नका: मांजरपाट ओलं झालं की हिंगे कापडाला चिकटतात आणि नायलॉनचाच त्रास पुन्हा सुरू. पावणेसातला सुरुवात करा. नऊपर्यंत ऊन तापतं, हिंगे टिचकीआधीच उडू लागतात, आणि मधमाश्याही फुलांवर येऊ लागतात. म्हणजे हातात सव्वादोन तास: एका माणसाला एक वीघा, दोघांना दोन. वीघे वाढले की माणसं वाढवावी लागतात, वेळ वाढत नाही. हे गणित न करता मोठ्या शेतासाठी जाळी घेणारे पहिल्याच आठवड्यात ती ओसरीवर टाकून देतात आणि जाळीला नावं ठेवतात.

मोठं शेत असेल तरी एक मधला मार्ग आहे. चारी बाजूंना आणि मध्यभागी पाच-पाच झाडांचे शेंडे बघा. हिंगे बाहेरून येतात, म्हणून सुरुवातीला बऱ्याचदा कडेच्याच ओळींवर जास्त असतात, विशेषतः बांधावर फुललेलं तण किंवा शेजारी भेंडी असेल त्या बाजूला. तेवढ्या चार-सहा ओळी जाळीनं घेतल्या तर आत शिरण्याआधीच बराच लोंढा कमी होतो. दर दोन-तीन दिवसांनी फेरी हवी. एकदा पकडून मोकळं झालो असं या किड्याच्या बाबतीत होत नाही, फुलं आहेत तोवर नवे येत राहतात.

तुरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी, नाहीतर दहा-वीस हिंगे बघून उगाच धावपळ होते. तुरीची बहुतांश फुलं किडा नसला तरी गळतातच, सगळ्या फुलांच्या शेंगा कधीच होत नाहीत. बीडीएन-२ सारख्या मध्यम मुदतीच्या, फांद्या फुटत राहणाऱ्या तुरीत पहिला फुलोरा काही प्रमाणात खाल्ला गेला आणि जमिनीत ओल असली तर झाड दुसरा फुलोरा काढतं. मात्र तो उशिराचा फुलोरा शेंगमाशीच्या आणि शेंगा पोखरणाऱ्या घाट्या अळीच्या तावडीत जास्त सापडतो, म्हणजे भरपाई फुकट नसते. लवकर येणाऱ्या तुरीचा फुलोरा मात्र हिंग्यांच्या ऐन हंगामात येतो आणि आजूबाजूला दुसरं काही फुललेलं नसेल तर सगळे त्याच तुकड्यावर उतरतात. लहान तुकडा, लवकरची जात, शेजारी उशिराची तूर: ही सर्वांत वाईट जुळणी, आणि जाळी सर्वांत जास्त वसूल होते तीही तिथेच. तुरीची जात निवडायचीच असेल तर मॉडेल फार्मवर आणंद कृषी विद्यापीठाचं कडधान्य संशोधन केंद्र वडोदऱ्यातच आहे, तिथे विचारून घेणं बरं.

भेंडीचा हिशोब वेगळा. एक फूल म्हणजे एक भेंडी, आणि फूल एकाच दिवसाचं. तिथे गेलेलं फूल परत येत नाही, म्हणून मोजके हिंगेही सोडू नयेत. पण भेंडीला जाळी अवजड पडते, पानं मोठी, अंगाला खाजरी, ओळी जवळ. लांब चिमटा आणि साबणाच्या पाण्याचा डबा जास्त उपयोगी. कपाशीतही तेच: कानमच्या, म्हणजे भरूच-वडोदरा पट्ट्यातल्या, काळ्या जमिनीतली पसरलेली कपाशी जाळीला दाद देत नाही, आडव्या फांद्यांत कडं अडकतं. चवळी, मूग, उडीद यांत जाळी अलगद, शेंड्यांच्या वरून घासत न्या, इथे तो चित्रातला माणूस निम्मा बरोबर आहे.

कारली, दोडक्याच्या मांडवाखाली दांड्याचे दोन्ही तुकडे जोडा. जाळी फुलाच्या खाली धरून वेलाच्या दोरीला हलका झटका द्या, वेलाला नाही. मान वर, तोंड वर, किडे वरून पडणार: साधा चष्मा पुरेसा नाही, कडेनं बंद असलेला पारदर्शक गॉगल आणि रुंद काठाची टोपी घाला. या कामात डोळ्याला धोका हाताहून जास्त आहे.

फोडांबद्दल थोडं थांबून, कारण संचाच्या चिठ्ठीत यावर फक्त ‘काळजी घ्यावी’ एवढंच आहे. द्रव लागला त्या क्षणी काहीच जाणवत नाही. काही तासांनी आग होते, बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी भरलेला फोड येतो. म्हणून ‘मला तर काही झालं नाही’ हे शेतातलं वाक्य संध्याकाळपर्यंत ग्राह्य धरू नये. काम संपलं की काही जाणवो न जाणवो, मोज्यांसकट हात साबणानं धुवा, मग मोजे काढा, मग पुन्हा हात. कँथारिडिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे शेतात जाताना हातापायांना खोबरेल चोपडून जाणं इथे उलटं पडतं. फोड आला तर फोडू नका, झाकून ठेवा. डोळ्यात गेलं तर भरपूर वाहत्या पाण्यानं धुऊन लगेच डॉक्टरकडे. मुलानं किडा तोंडात घातला असेल तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय.

मेलेला हिंगाही तितकाच जहाल. कँथारिडिन १८१० साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रोबिके यांनी वेगळं काढलं ते वाळलेल्या किड्यांतूनच. बादलीतले हिंगे संध्याकाळपर्यंत तसेच ठेवा, मग हातभर खोल खड्ड्यात पाण्यासकट पुरा, विहिरीपासून लांब. कोंबड्यांपुढे टाकू नका, उकिरड्यावर नको, आणि चाऱ्याच्या जवळपासही नको. अमेरिकेत लसूणघासाच्या गवतात चिरडलेले याच कुळातले भुंगेरे खाऊन घोडे दगावतात, हे पशुवैद्यांना चांगलं माहीत असलेलं प्रकरण आहे. आपला रजको म्हणजे तोच लसूणघास. फुलावर आलेल्या रजक्यात हिंगे दिसले तर कापण्याआधी हाकलून लावा. पिशवी घरच्या कपड्यांबरोबर धुवू नका, मोजे घालून वेगळ्या बादलीत.

औषधाशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण पुरं होणार नाही, कारण दुकानदार जाळीकडे बोट दाखवण्याआधी बाटलीकडे दाखवतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं हिंग्यांना पाडतात, यात वाद नाही. त्यांतल्या लॅम्डा सायहॅलोथ्रिन ५ टक्के ईसीचं (पाण्यात मिसळायचं द्रव औषध) तुरीतलं प्रमाण शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी हेक्टरी ४०० ते ५०० मिली, ४०० ते ६०० लिटर पाण्यात. आपल्या वीघ्याला ते ९५ ते १२० मिली आणि सोळा लिटरचे सहा ते नऊ पंप येतं. फवारणीनंतर तासाभरात हिंगे खाली पडलेले दिसतात आणि समाधान होतं. पण फुलं तिथेच असतात. चार दिवसांनी बांधापलीकडचे नवे हिंगे हजर, आणि दरम्यान मधमाश्या आणि पानं कापून घरटं करणाऱ्या माश्या मेलेल्या. कपाशीवर पायरेथ्रॉइडच्या फेऱ्या वाढवल्या की पांढरी माशी उसळते, ते वेगळंच. भेंडी दिवसाआड तोडायची असते, तिथे औषध मारून लेबलवरचा थांबण्याचा काळ पाळणं बहुतेकांना परवडत नाही, म्हणून पाळला जात नाही. निंबोळी अर्काच्या नावानं आलेली बाटली उभ्या हिंग्याला पाडेल अशी अपेक्षा ठेवू नका.

माझा कल असा: घाट्या अळीसाठी तुरीवर फवारणी होणारच असेल तर ती संध्याकाळी करा, हिंगे त्यातच निघतील. फक्त हिंग्यांसाठी वेगळी फवारणी लहान शेतात करू नये. उलट जाळीकडूनही भलत्या अपेक्षा नकोत. घाट्या अळी आणि शेंगमाशी यांच्यावर तिचा काडीचा उपयोग नाही. दुकानात कुणी ‘सगळ्या किड्यांसाठी एकच’ असं सांगत असेल तर हसून पुढे जा.

खर्चाचं म्हणाल तर संचातलं जे टिकतं ते दांडा आणि कडं. पिशवी, मोजे, बरणी बदलावीच लागते. म्हणून आधी ‘नुसता दांडा-कडं देता का?’ असं विचारा. प्रयोगशाळेचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत विद्यार्थ्यांसाठीची कीटकजाळी असते, तिचं कडं पक्क्या जोडाचं असेल तर पैसे जास्त गेले तरी तीच घ्या. घरी वाकवलेली आठ नंबरची तार आणि बांबूही चालतो, फक्त तीस सेंटीमीटरपेक्षा मोठं कडं करू नका, तुरीच्या दोन ओळींत ते फिरत नाही.

शहरात राहणाऱ्यांसाठी एवढंच. ऐन गणपतीत अंगणातल्या जास्वंदीच्या पाकळ्या कुरतडलेल्या दिसतात, त्यातही बऱ्याचदा हाच पट्टेवाला असतो. एका झाडासाठी जाळी घेऊ नका. स्वयंपाकघरातला नको, वेगळा लांब चिमटा आणि साबणाचं पाणी घातलेला डबा घेऊन सकाळी सातच्या आत जा. पूजेसाठी फूल तोडताना आत डोकावून बघा, मग बोट घाला.